पाचाचा पत्ता

“उघडा,” निनाद म्हणाला आणि आम्ही चौघांनी पालथे पत्ते उताणे केले. चारही पत्त्यांवर पाच होते. “पाचामुखी परमेश्वर,” अझहर नेहमीसारखा म्हणाला, स्नेहलता नेहमीसारखी हसली आणि निनादने फळ्यावरच्या चिठ्ठीवर पाच आणि खाली माझं नाव लिहिलं. माझी नोकरी त्या चिठ्ठीवर टांगलेली आहे, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

पत्त्यांचं आधी सांगते, नाहीतर आम्ही ऑफिसात जुगार खेळत होतो असं वाटायचं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पुण्यात बावधनला आमची कंपनी होती आणि ती पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. निनाद राजवाडे आमच्या गटाचा प्रमुख. तो परदेशातून ‘अजाइल’ पद्धत शिकून आला होता. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, त्याचे दोन दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं. स्प्रिंट सुरू होण्याआधी प्रत्येक कामाचं वजन ठरवायचं, तेही पत्त्यांनी. एकापासून वीसपर्यंतचे आकडे छापलेली छोटी गड्डी ज्याच्या त्याच्याकडे असायची. मनातला आकडा निवडून पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे थोरांचं बघून धाकट्याने मत बदलायला नको. पाच म्हणजे एका माणसाला एका स्प्रिंटमध्ये सहज झेपणारं काम. वीस म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचं, आणि तेही एका दमात होईल याची खात्री नाही.

ज्याचा पत्ता सगळ्यांत वरचा किंवा सगळ्यांत खालचा निघेल, त्याने कारण सांगायचं असा नियम होता. नियमात वाईट काही नव्हतं. पण निनादला समजून घ्यायची फार हौस. “माझं चुकत असेल, मला फक्त समजून घ्यायचंय,” असं मऊ आवाजात म्हणायचा आणि समोरचा घामाघूम होईपर्यंत समजून घेत राहायचा. स्नेहलताने एकदा तेरा दाखवले, तर जेवणाची वेळ टळली तरी ती फळ्यापाशी उभी. शेवटी तिने स्वतःच “आठ धरा” म्हणून सुटका करून घेतली. तेव्हापासून सगळ्यांची बोटं आपोआप पाचावर जायला लागली. पाच दाखवणाऱ्याला कोणी काही विचारत नसे.

निनादचं दुसरं वेड म्हणजे नम्रता. ही पद्धत नम्र माणसांची आहे, असं तो आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा. “आपल्याला सगळं येतं असं ज्याला वाटतं, त्याने इथे येऊ नये.” त्याला सर म्हणायला बंदी होती. चहाचे कप तो स्वतः विसळायचा, आणि विसळताना कोणीतरी बघतंय ना हेही बघायचा. असो. माणूस खोटा नव्हता, एवढं मी आजही म्हणेन.

मी त्या गटात नवी आणि वयाने सगळ्यांत मोठी. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं घरी बसले होते. ते गेले, आणि मी परत नोकरी शोधायला निघाले तर मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून जो तो मान हलवायचा. शेवटी हर्षल बागूलने मला इथे आणलं. हर्षल आणि मी नाशिकला एकाच वर्गात होतो. तो कंपनीत पहिल्यापासून होता, निम्मं सॉफ्टवेअर त्याच्या हातचं. त्याने शब्द टाकला म्हणून मला घेतलं, हे खरं आहे आणि मी ते कधी विसरले नाही. पण हाताला लागलेला गंज लवकर निघेना. पहिले दोन स्प्रिंट माझी कामं अर्धवट राहिली, आणि मनुष्यबळ विभागाच्या पाटणकर मॅडमनी मला ‘सुधारणा योजने’त घातलं. नाव गोंडस होतं. ऑफिसात सगळे त्याला ‘नारळ सोलायला घेतला’ म्हणत. पुढचं काम वेळेत आणि धड झालं तर मी राहणार होते, नाहीतर सोललेला नारळ हातात.

ते काम म्हणजे फळ्यावरची ती चिठ्ठी. एकच पेशंट कोथरूडच्या शाखेत ‘फातिमा शेख’ म्हणून येतो आणि दुसऱ्या शाखेत ‘शेख फातिमा’ म्हणून. दोन नोंदी होतात. त्या निवडायच्या, ‘एकत्र करा’ असं बटण दाबायचं, की दोन्हींचे रिपोर्ट एका नावाखाली यायचे. ऐकायला एका बटणाचं काम.

पत्ते ठेवताना मी एक गोष्ट पाहिली होती. हर्षल माझ्या शेजारीच बसायचा. त्याने गड्डीतून आधी वीस काढला. मला स्पष्ट दिसला. मग निनाद म्हणाला, “हे काम रेणुकाला द्यायचं माझ्या मनात आहे,” आणि हर्षलने वीस परत गड्डीत सरकवून पाच काढला. माझ्या हातात आठ होते. मला वाटलं, ज्याने हे सगळं बांधलं त्यालाच पाच वाटतात तर आपण कोण शहाण्या. शिवाय योजनेत अडकलेल्या बाईने ‘काम अवघड आहे’ म्हणून फळ्यापाशी उभं राहायचं म्हणजे चोराने पोलीस चौकीत पत्ता विचारायला जाण्यातला प्रकार. मीही पाच ठेवले.

चारच दिवसांत मला कळलं की मी काय गळ्यात बांधून घेतलंय. पेशंटचा क्रमांक एका जागी असायला हवा, तो जागोजागी चिकटवलेला होता. रिपोर्टवर, नमुन्याच्या बाटलीच्या स्टिकरवर, डॉक्टरांच्या पत्रात. आणि क्रमांकाच्या आधी शाखेचं एकच अक्षर. कोथरूडला क आणि कात्रजलाही क. शाखा आपापल्या वेगळ्या होत्या तोवर कोणाचं काही अडलं नव्हतं. पण दोन शाखांच्या नोंदी जोडायला गेलं की कोथरूडची बाई आणि कात्रजचा बुवा सॉफ्टवेअरला एकच माणूस वाटायचे. हे सुधारायचं तर पाया उकरायला हवा होता. ते माझं एकटीचं काम नव्हतं, कोणाही एकट्याचं नव्हतं.

मी हर्षलला टपरीवर गाठलं. सगळं सांगितलं. तो चहा फुंकत ऐकत होता.

“तुला हे माहीत होतं,” मी म्हटलं. “तू वीस काढला होतास.”

“अगं, चाळा करत होतो पत्त्यांशी. होईल गं, एवढं काही नाही त्यात.”

“मग माझ्याबरोबर बस उद्या. दोघं मिळून बघू.”

यावर तो म्हणाला की बसला असता, पण मी योजनेत आहे. त्याने मदत केली तर ते काम माझं धरणार नाहीत, माझंच नुकसान व्हायचं. इतक्या काळजीने म्हणाला की मला ते पटलं. त्याचं जर्मनीला जायचं ठरत होतं, ज्या लॅबचं हे काम होतं तिच्या तिथल्या मूळ कंपनीत, बायको-मुलीसकट दोन वर्षांसाठी. तो विषय त्याने काढला आणि मग तेच बोलत राहिला.

रोज सकाळी आम्ही फळ्याभोवती उभे राहून काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं ते सांगायचो. तिथे मी सांगितलं, की अडलंय. खालची रचनाच चुकलेली आहे, ती ज्याने केली त्याने माझ्याबरोबर बसायला हवं. हर्षलचं नाव मी घेतलं नाही. ज्याने दार उघडून आत घेतलं त्याच्याकडे सगळ्यांसमोर बोट दाखवायला जीभ रेटेना. मला वाटलं, तो स्वतः म्हणेल.

निनादने मला थांबवलं. “रेणुका, इथे ‘ज्याने केली’ असं काही नसतं. कोड सगळ्यांचा असतो. दुसऱ्याचं चुकलंय हे पहिल्यांदा मनात येतं ना, तिथेच नम्रता कमी पडते. माझं चुकत असेल. पण तू स्वतःकडे बघ.”

हर्षल बुटाची लेस बांधत होता.

मी स्वतःकडे बघितलं आणि डोकं खाली घालून काम केलं. जेवढं बुजवता येईल तेवढं बुजवलं. डेमोच्या दिवशी लॅबच्या डॉक्टर करंदीकर आल्या होत्या. मोठ्या कडक बाई. मी त्यांच्यासमोर दोन नोंदी निवडल्या, बटण दाबलं. फातिमा शेख या नावाखाली रक्तातली साखर आली, थायरॉइड आला आणि तिसरा आला तो प्रोस्टेटच्या तपासणीचा रिपोर्ट. अझहर फिसकन हसला. करंदीकर बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून मला शांतपणे विचारलं, की बाईला प्रोस्टेट कुठे असते ते मी त्यांना दाखवू शकेन का. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी हे चाललं नाही तर तुमचं सॉफ्टवेअरच नको आम्हाला.”

स्प्रिंट संपला की मागे वळून बघायची बैठक असायची. तिचा नियम असा की कोणाला दोष द्यायचा नाही, प्रत्येकाने त्याला जे माहीत होतं त्यात उत्तमच केलं असं धरून चालायचं. सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावायचं. ‘अडचण वेळेत सांगायला हवी होती.’ ‘मदत मागण्यात कमीपणा मानू नये.’ ‘तपासणी कमी पडली.’ नाव कुठेच नव्हतं आणि सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच होत्या. कोणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं की हे काम पाचाचं नव्हतंच. वीसचं होतं, आणि ते ठरवतानाही इथे एकाला ठाऊक होतं.

निनादने मनापासून विचारलं, “खरंच? कोणाला तसं वाटलं होतं का? मोकळेपणाने सांगा. कोणी रागावणार नाही.”

अझहर आणि स्नेहलता एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, त्या भागात त्यांनी कधी हात घातला नव्हता. मी हर्षलकडे बघत राहिले. माझा बाप आजारी असताना हा माणूस नाशिकला येऊन दवाखान्यात बसलेला होता. तो सांगेल याची मला अजूनही खात्री होती.

“मलाही पाचच वाटले होते,” हर्षल म्हणाला. “आणि पाचच आहेत. रेणुका, वाईट वाटून घेऊ नकोस. तू मला एकदा जरी विचारलं असतंस तर मी बसलो असतो. थोडा अहंकार आडवा आला तुझा. आपल्या सगळ्यांचाच येतो.”

मला इतका राग आला की तोंडातून शब्द फुटेना, आणि न बोलणं म्हणजे कबुली असा सगळ्यांनी अर्थ घेतला. निनादने हर्षलचे आभार मानले. खरं बोलायला धैर्य लागतं, म्हणाला.

सोमवारी पाटणकर मॅडमनी मला बोलावलं. संध्याकाळी लॅपटॉप जमा करायचा, एवढंच त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवत सांगितलं. मी बाहेर आले तर निनाद दारापाशी उभा. त्याला वाटत होतं की मी दुपारच्या बैठकीला यावं. माझं काम कोणीतरी पुढे नेणार, मला त्यातलं सगळ्यांत जास्त माहीत आहे, आणि निरोपही नीट व्हावा. मी हो म्हटलं. घरी लवकर जाऊन तरी काय करणार होते.

दुपारी पुन्हा तेच टेबल. माझ्यासमोर पत्ते नव्हते. फळ्यावर तीच चिठ्ठी होती, माझं नाव काढलेलं.

“हे काम या स्प्रिंटला काहीही करून संपवायचंय,” निनाद म्हणाला. “करंदीकर बाईंनी दुसरी संधी दिलीय, तिसरी देणार नाहीत. हे हर्षल करेल. तसंही त्याने सांगितलंय की पाचाचं काम आहे. हे झालं की हर्षल, तुझ्या जर्मनीच्या पत्रावर मी सही करतो. नाही झालं तर तिथे तुला पाठवायला मी कोणत्या तोंडाने सांगू?”

पत्ते पालथे पडले.

“उघडा.”

पाच. पाच. वीस.

हर्षल न सांगताच उठून फळ्यापाशी गेला. त्याने खडू, म्हणजे मार्कर, हातात घेतला आणि बोलायला लागला. क्रमांक किती जागी चिकटवलाय ते सांगितलं. कोथरूड आणि कात्रजचं सांगितलं. पाया उकरल्याशिवाय हे होणार नाही, तिघांना लागावं लागेल आणि दोन स्प्रिंट तरी लागतील. मी टपरीवर त्याला जे जे सांगितलं होतं ते सगळं, माझ्यापेक्षा चांगलं. निनादने समजून घ्यायला सुरुवात केली, पण या वेळी हर्षल हटला नाही.

“ही रचना माझीच आहे,” तो म्हणाला. “मीच चुकीची केली. घाईत केली आणि नंतर कधी बोललो नाही. मागच्या वेळीही मला माहीत होतं. मला लाज वाटत होती रे सांगायला.”

स्नेहलताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशी हळवी होती.

निनाद माझ्याकडे वळला. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, तो त्या क्षणी खरोखर नम्र होता.

“रेणुका, या कामात दोन आठवडे तू घालवलेस. अझहर आणि स्नेहलताला त्यातलं माहीत नाही, आणि मलाही नाही. तू म्हणशील ते मी धरीन. हर्षल म्हणतोय ते बरोबर असेल तर तुझ्यावर अन्याय झालाय. मी आत्ता वर जाऊन पाटणकर मॅडमना सांगतो की चूक माझी झाली. तू इथेच राहशील. आणि हे काम तुम्ही सगळे मिळून करा, वेळही मी मागून घेतो. सांग, किती?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हर्षलही. त्याने अगदी थोडी मान हलवली, पूर्वी परीक्षेत उत्तर सांगताना हलवायचा तशी. मी आता वीस म्हणणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मला नोकरी हवी होती, ती माझ्यापुढे ठेवलेली होती आणि त्यासाठी मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

मी त्याच्याकडे बघत होते आणि मला एकच दिसत होतं. खरं बोलायला याला माझी नोकरी पुरली नाही, स्वतःचं जर्मनी लागलं. आज हे काम त्याच्या गळ्यात आलं नसतं तर त्याने पाचच दाखवले असते, आणि मी गेल्यावर माझ्या निरोपाचा केकही कापला असता. या माणसाबरोबर रोज सकाळी त्या फळ्याभोवती उभं राहायचं, डबा खायचा, आणि त्याने सगळ्यांसमोर कसं मन मोकळं केलं याचं कौतुक ऐकायचं. ते मला जमणार नव्हतं. त्यापेक्षा घरी बसणं मला मान्य होतं. लोक म्हणतात, रागाच्या भरात माणसाला काही सुचत नाही. मला त्या दिवशी फार स्वच्छ सुचत होतं.

“पाच,” मी म्हटलं.

हर्षलच्या हातातला मार्कर तसाच राहिला.

“रेणुका, नीट आठव,” तो म्हणाला. “तूच मला सांगितलं होतंस.”

“मी तुला कधी विचारलंच नाही ना,” मी म्हटलं. “अहंकार आडवा आला माझा.” मग मी निनादकडे वळले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात बोलले. “निनाद, काम पाचाचंच आहे. मीच कमी पडले. दोन वर्षं घरी होते, हात बसला नव्हता, आणि ते कबूल करायला मला जड गेलं म्हणून मी पत्त्यांना दोष दिला. हर्षल माझा मित्र आहे. माझी नोकरी वाचावी म्हणून तो स्वतःच्या अंगावर घेतोय. त्याचं मन मोठं आहे. पण माझ्यासाठी त्याने खोटं बोलावं हे मला पटत नाही. त्याला सगळं येतं. तो एकटा सहज करेल.”

आता हर्षल जे काही म्हणेल ते मैत्रीखातर म्हणतोय असंच दिसणार होतं, हे त्याच्या लक्षात आलं. हुशार तर तो पहिल्यापासून होता.

निनाद उठला. त्याने चिठ्ठीवर पाच तसेच ठेवले, खाली हर्षलचं नाव लिहिलं आणि मग माझ्याजवळ येऊन हात पुढे केला. तो म्हणाला की इतकी वर्षं तो ही पद्धत शिकवतोय, पण नोकरी जात असताना एवढ्या स्वच्छपणे स्वतःची चूक मानणारं माणूस त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. नम्रता म्हणतात ती हीच, सगळ्यांनी लक्षात ठेवा. अझहरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, स्नेहलता डोळे पुसत उभी राहिली, निनादही वाजवायला लागला. हर्षल फळ्यापाशी तसाच उभा होता. निनादने त्याच्याकडे बघितलं. मग हर्षलने मार्कर खाली ठेवला आणि तोही माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागला.